शिवणीतली माया

नाटकावर टीका होते, चित्रावर होते, हल्ली हॉटेलातल्या मिसळीवरही रकानेच्या रकाने भरून होते. पण जी कृती आपण सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर वागवतो तिची परीक्षा मात्र दोन शब्दांत उरकली जाते : ‘शोभतो’ किंवा ‘शोभत नाही’. हे शब्द कपड्याविषयी आहेत असे वरवर वाटते. कान देऊन ऐकले तर ध्यानात येते, की कपडा शोभला म्हणजे कौतुक कपड्याचे होते आणि शोभला नाही म्हणजे ठपका अंगावर येतो. नाटक पडले तर दोष प्रेक्षकांच्या डोळ्यांत आहे असे कोणी म्हणत नाही. कपडा पडला तर मात्र दोष घालणारीच्या बांध्यात निघतो.

या उलट्या न्यायाचा सर्वांत अधिक जाच भरल्या छातीच्या स्त्रीला होतो. दिवाळीच्या फराळासोबत घरातली सारी माणसे अंक चाळत असताना हा विषय काढावा की नाही, असे कोणाला वाटेल. पण ज्या गोष्टीची बोलायची चोरी असते तिथेच चुकीच्या समजुती सुखाने नांदतात. आणि ही गोष्ट तर बहुतेक प्रत्येक घरात आहे. आईची आहे, मावशीची आहे, नववीतल्या मुलीची आहे. सणाच्या तोंडावर ती दुकानात जाते. लार्ज मापाचा कुर्ता कमरेला बरोबर बसतो, पण छातीवर बटणांच्या मध्ये फटी पडतात. एक्सेल घातला तर छातीपुरती सोय होते. पण खांदे दंडावर उतरतात आणि गळा पुढे लोंबू लागतो. मग विक्रेती समजुतीच्या स्वरात म्हणते, “ताई, तुम्ही जरा सैलच बघा,” आणि जे दाखवते ते खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ सुटलेले, तंबूसारखे. ज्या कपड्यांची बेतणी खरोखर नीट असते त्यांच्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून ती ते मुकाट्याने परत टांगते. शेवटी एक ओढणी विकत घेतली जाते. कपड्याचे अपयश ओढणीने झाकायचे, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे.

माझे म्हणणे एवढेच, की इथे चूक अंगाची नसून बेतण्याची आहे. ती ओळखता येते, आणि पुष्कळदा थोडक्या पैशांत दुरुस्तही करता येते. मात्र त्यासाठी आधी पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. म्हणून आरंभ कापडापासून न करता साहित्यापासून करते.

आपल्या जुन्या साहित्याला भरल्या अंगाचे वावडे नव्हते. ‘मेघदूता’तल्या यक्षपत्नीचे वर्णन करताना ती स्तनभाराने किंचित वाकलेली आहे, असे कालिदासाने सांगितले, आणि ते खोड म्हणून नव्हे, सौंदर्य म्हणून. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील दंपती पाहा, किंवा १९१७ साली पाटण्याजवळ दीदारगंज येथे सापडलेली चवरी धरलेली यक्षी पाहा. शिल्पकाराला या अंगाचा संकोच वाटला नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. त्या कवीने किंवा शिल्पकाराने या स्त्रियांना कपडा शिवून देण्याची जबाबदारी घेतली नव्हती. दगडाला उकडत नाही, आणि त्याला लोकलने कामावरही जावे लागत नाही. पुढे राजा रविवर्म्याने देवींना लुगडी नेसवली, चोळ्या घातल्या. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून या लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर पोचल्या. त्या भरल्या अंगावर चोळ्या कशा नेमक्या बसतात! बसणारच, रंगवलेल्या चोळीला टाके घालावे लागत नाहीत.

मराठीत चोळीविषयी सर्वांत अधिक बोलले गेले ते दोन ठिकाणी : लावणीत आणि ओवीत. या दोहोंची तुलना मला फार बोधप्रद वाटते. उत्तर पेशवाईतल्या शाहिरांनी चोळीचा तंगपणा, तिची गाठ, तिचा भडक रंग रंगवून रंगवून सांगितला. त्या रचनांतला ठसका मला मान्य आहे. पण ती चोळी बाहेरून पाहिलेली आहे; पाहणारा पुरुष आहे, आणि ती जितकी तंग तितकी त्याच्या लेखी चांगली. तीच चोळी जात्यावरच्या ओवीत आली, की सारा अर्थच पालटतो. तिथे प्रश्न असतो, खण कोणी घेतला? भावाने. कोणत्या पेठेतून? रंग कोणता? शिंप्याने कशी शिवली? भावाने महागाचा खण घेतला, की भावजयीच्या कपाळाला आठी पडते. चोळी विटली, फाटली, आणि नवी घेणारे माहेरी कोणी उरले नाही, की ओवी गळ्यात अडकते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या भांडारात चोळीचे उल्लेख चाळले, तर ती अंग दाखवण्याची किंवा झाकण्याची वस्तू म्हणून क्वचितच भेटते. ती नात्याची वस्तू आहे. कोणाला तरी माझे माप ठाऊक आहे, हा तिच्यातला आनंद आहे.

एकच वस्त्र; पण लावणीने ते पाहणाऱ्याच्या बाजूने सांगितले आणि ओवीने लेणारीच्या. आजच्या बाजारात लावणीची नजर तेवढी उरली आहे. दुकानाच्या काचेतला पुतळा आणि मोबाइलवरच्या जाहिरातीतली सडपातळ मुलगी दोघीही कपडा कसा दिसतो ते सांगतात. हात वर केला तर तो काखेत ओढतो की काय, दुपारपर्यंत खांद्याला काचतो की काय, हे सांगणारी ओवी तिथे नसते. आमच्या कथा-कादंबऱ्यांनीही या बाईला फारसे जवळ केलेले नाही. नायिका बहुधा शेलाटी. भरल्या अंगाची बाई आली, की ती शेजारची काकू, वाड्याची मालकीण, नाही तर चार घटका विनोदापुरती आत्या. तिला माया असते, तोंडाळपणा असतो, हाताला चव असते. पण आरशासमोर तिला कोणी उभे करत नाही. कादंबरीत जिला आरसा नाही तिला दुकानात तरी मनाजोगता कपडा कुठून मिळणार?

आता खुद्द कपड्याकडे वळू. आपल्या खणाच्या चोळीत किती अक्कल होती हे, ती जवळजवळ अंगावरून उतरल्यावर आपल्याला कळू लागले आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर विणलेले, दोन्ही कडांना काठ असलेले हे अरुंद कापड. एका खणात एक चोळी. शिंपी त्याचे तुकडे असे पाडी, की काठ बाहीच्या टोकाला यावा आणि चिंधी कमीत कमी निघावी. काखेत वेगळा तुकडा जोडलेला असे, त्यामुळे हात वर करताना चोळी ओढत नसे. छातीपाशी कापड जोडून, मुडपून जागा केलेली असे. आणि सर्वांत मोठी युक्ती म्हणजे पुढची गाठ. हुकाला एकच जागा ठाऊक असते, गाठीला दहा. पोरगी बाई झाली, लेकुरवाळी झाली, दूध पाजू लागली, उतारवयात अंगाने भरली वा झडली, तरी तीच चोळी बोटभर सैल, बोटभर घट्ट अशी बांधता येई. अंग बदलते, हे ज्या कपड्याला मान्य आहे, तो कपडा मला सुसंस्कृत वाटतो.

मात्र जुने ते सोने म्हणून या चोळीच्या आरत्या ओवाळण्याचे कारण नाही. तिच्या बाह्या दंडाला काचत. उन्हाळ्यात ती घामाने अंगाला चिकटे. आणि सोवळ्या विधवेच्या अंगावरून तर ती समाजाने काढूनच घेतली होती. ज्या वस्त्राची मनाई शिक्षा म्हणून करता येते, ते वस्त्र किरकोळ नसते. एवढे त्या क्रूर रूढीवरून तरी आपण शिकावे.

चोळीची जागा पोलक्याने घेतली, पोलक्याची ब्लाउजने, आणि आता कित्येक घरांत साडी-ब्लाउज सणापुरते उरून रोजच्या वापरात कुर्ता, पंजाबी ड्रेस आणि झगा आला. त्याला माझी काही तक्रार नाही. बसमध्ये चढणारीला पाच-सहा वारांचा पसारा सोयीचा नसतो. पण या बदलात एक गोष्ट गुपचूप घडली. कपडा आधी शिवला जाऊ लागला आणि बाई नंतर शोधली जाऊ लागली.

तयार कपड्याचे शास्त्र कसे चालते हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९३९-४० साली सरकारी शेतकी खात्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. त्यांचा अहवाल १९४१ साली निघाला. त्यात हिशेबात धरल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया. पुढे या मापांच्या आधारे १९५८ साली तयार कपड्यांसाठी प्रमाण मापे जाहीर झाली, १९७० साली ती सुधारली गेली आणि १९८३ साली सरकारने ती मागेही घेतली. म्हणजे ज्या देशाने हा उद्योग इतक्या शिस्तीने मांडला, तिथेही ठराविक मापांत सगळ्या बायका बसल्या नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय अंगाची मापे घेण्याचा संकल्प २०१८ साली जाहीर केला. सहा शहरांतली १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसे मोजायची, अशी ती योजना होती. तोवर आपण वर्षानुवर्षे परक्या अंगाच्या आकड्यांतच स्वतःला कोंबत आलो होतो.

पण नुसते आकडे देशी झाले, की काम भागेल असेही नाही. खरी मेख वेगळीच आहे. समजा, दोघींच्या छातीचे माप ४० इंच आहे. एकीची पाठ रुंद, खांदे रुंद, आणि छाती बेताची. दुसरीची पाठ अरुंद, खांदे लहान, छातीच्या खालचा घेर ३३ इंच, आणि बाकी सारा भराव पुढे. फीत दोघींनाही ४० म्हणते. दुकान दोघींनाही एकच कपडा देते, आणि तो पहिलीसाठी बेतलेला असतो. कारण माप वाढले की खांदे, पाठ, मुंढा, गळा ही सारी सरसकट वाढत जावीत, असा या बेतणीचा नियम आहे. फीत घेर सांगते. खोली सांगत नाही. अंतर्वस्त्रे करणाऱ्यांना हे लवकर उमगले. अमेरिकेतल्या एका कारखान्याने १९३२ साली ए, बी, सी, डी अशी अक्षरे लावून ही खोली मोजायला आरंभ केला, आणि आज छातीवरचा आणि छातीखालचा असे दोन आकडे धरूनच ते कपडे विकले जातात. वरचा कपडा मात्र अजून एकाच आकड्यावर चालला आहे. आतला कपडा शहाणा आणि वरचा अडाणी, असा हा संसार आहे.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो कापडाचे थरावर थर रचून एका दमात कितीतरी कपडे कापतो. छातीला जागा द्यायची तर टक्स हवेत, किंवा पुढच्या भागाचे दोन तुकडे करून ते वळणाने जोडायला हवेत. प्रत्येक जोडाला कारागिराचा वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. शिवाय प्रत्येक माप कमी खोलीचे आणि जास्त खोलीचे असे दोन तऱ्हांनी काढायचे म्हटले, की दुकानात माल दुप्पट साठवावा लागतो. म्हणून तो सोपी वाट धरतो : ताणले जाणारे कापड वापरतो, नाही तर सरळ सैल सोडतो. धंदा म्हणून हे समजते. पण हा त्याचा हिशेब आहे, आपल्या अंगावरचा निकाल नव्हे. आणि दुकानातून बाहेर पडताना नेमका हाच भेद स्त्रिया विसरतात.

टीकाकाराला पुस्तकातले दोष दाखवता आले पाहिजेत. तसे कपड्यातलेही दाखवता यावेत. छातीच्या उंचवट्यापासून काखेकडे आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या, तर कापडाला खोली कमी आहे. पुढची किनार मागच्यापेक्षा वर उचलली गेली, तर पुढची लांबी कमी पडली आहे. टेकडीवरून जाणारी वाट सपाटीवरच्या वाटेपेक्षा लांब असते, आणि बेतणारा टेकडी विसरला. गळा पुढे उघडा पडत असेल आणि खांदे उतरत असतील, तर छातीपायी मोठे माप घेतले गेले आहे. टक्स उंचवट्याच्या ऐन टोकावर येऊन थांबली असेल, तर तिथे कापडाला चोच येते; ती इंचभर अलीकडेच निमाली पाहिजे. झग्याचा आडवा जोड छातीच्या मधोमध येत असेल, तर तो कपडा आरशापुढे नेण्याचीही गरज नाही. तो छातीच्या खाली, बरगडीवर आला पाहिजे. हे पाच दोष ज्या स्त्रीला नावानिशी सांगता येतील, ती ‘मला काही शोभत नाही’ असे पुन्हा म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘याला खोली नाही, दुसरा दाखवा.’

आता पैशाचा प्रश्न. महागडा कपडा अधिक नीट बसतोच असे नाही. पुष्कळदा आपण नावाचे आणि नक्षीचे दाम मोजतो. कमी पैशांत काम साधायचे, तर कपडा पाहण्याचा क्रम उलटा करावा : आधी आतली बाजू, मग बाहेरची. कपडा उलटा करून शिवणीत किती कापड राखले आहे ते पाहावे. शिंपी त्या राखीव कापडाला ‘माया’ म्हणतो. ‘थोडी माया ठेवा हं,’ असे म्हणत आपल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या कपडे शिवून घेतले. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर कपडा पुढे उसवून वाढवता येतो. मशीनच्या टाक्याने कड दाबून माया कापून टाकली असेल, तर तो कपडा त्याच दिवशी पुरा झाला. छातीला बरोबर बसणारा कपडा घ्यावा आणि कंबर व बाजू कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आत घेवावी. खांद्याची दुरुस्ती मात्र किचकट आणि महाग. म्हणून जिथे खांदा साधा शिवलेला आहे असाच कपडा निवडावा. अंगावर पडणारे मऊ सुती, मलमल किंवा क्रेप बरे. ऑर्गंडीसारखे ताठ कापड अंगापासून दूर उभे राहते आणि नसलेली रुंदी दाखवते. एक नीट दुरुस्त केलेला कपडा न वापरता कपाटात पडून राहिलेल्या तीन कपड्यांपेक्षा स्वस्त पडतो. हा हिशेब घरखर्चाची वही लिहिणारीला वेगळा शिकवायला नको.

शिवून घेणे तर याहूनही चांगले. पण तिथेही आपण एक घोटाळा करून ठेवला आहे, आणि त्याचे नाव ‘मापाचे पोलके’. पुरुष शिंप्यासमोर उभे राहून माप देण्याचा संकोच, आणि त्यालाही फीत धरण्याचा संकोच. म्हणून पिशवीतून जुने ब्लाउज काढून द्यायचे आणि ‘याच्यावरनं शिवा’ म्हणायचे. ते ब्लाउज दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचे असते, आणि तेव्हाही काखेत ओढतच होते. चूक अशी इमानाने पिढी दर पिढी उतरत जाते. जुन्या पोथीतला हस्तदोष प्रत्येक नकलेत यावा तशी. आता बहुतेक वस्त्यांतून शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी एकीपाशी निवांत बसून दोन्ही घेर, खांद्यापासून उंचवट्यापर्यंतची लांबी आणि दोन उंचवट्यांमधले अंतर एवढी चार मापे नव्याने घ्यावीत. कटोरी किंवा प्रिन्सेस कट यांपैकी एक तऱ्हा सुती कापडावर शिवून पाहावी. मन भरले, की तिचा साचा खाकी कागदावर उतरवून जपून ठेवावा. साडीसोबत येणारा ब्लाउजचा तुकडा बहुधा ८० सेंटिमीटर असतो. भरल्या अंगाला आणि लांब बाहीला तो अपुरा पडतो. आणि तरीही त्यातच ‘कसेतरी बसवा’ म्हटले, की शिंपी पहिल्यांदा छातीची खोली आणि शिवणीतली माया यांचाच बळी देतो. वीस सेंटिमीटर अस्तराच्या रंगाचे कापड जोडीला घेतले तर हे टळते.

यावर एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? सैल घालावे, ओढणी घ्यावी, झाकलेले बरे. मी झाकण्याच्या विरुद्ध नाही. कोणी किती झाकावे हा जिचा तिचा प्रश्न आहे. पण झाकणे आणि दडणे यांत अंतर आहे. चांगल्या बेतलेल्या कपड्यात बाई झाकलेली असूनही मोकळी असते; वाईट बेतलेल्या तंबूत ती दडून बसते, आणि दडणाऱ्या माणसाची चाल बदलते. शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही हे दिसते. सातवीपर्यंत वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुली आठवी-नववीत खांदे पुढे आणून चालू लागतात. दप्तर पाठीवरून छातीवर येते. फळ्याजवळ यायला सांगितले, की ‘बाई, जागेवरूनच सांगते’ म्हणतात. खो-खोच्या मैदानावरून एकेक जण पाय दुखतो म्हणून कडेला बसते. पाय बहुधा दुखत नसतो. गणवेश काचत असतो. तो गणवेश वयावर बेतलेला, सरळ कापाचा, घाऊक दरात घेतलेला. त्याला चौदा वर्षांच्या मुलीचे अंग ठाऊक नाही. आणि घरी तिला कोणी ‘ताठ चाल’ म्हणून दटावते, कोणी ‘नीट ओढणी घे’ म्हणून. ‘कपडाच चुकीचा आहे, चल, तो बदलू’ असे म्हणणारे माणूस तिला भेटत नाही. स्वस्त आणि नीट बसणारा कपडा ही नटण्यामुरडण्याची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा मैदानाच्या कडेला बसलेल्या या मुली मोजाव्यात.

आणि शोभण्याचेही काही नियम आपल्या मराठी रंगभूमीने आपल्याला शिकवून ठेवले आहेत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), पुरुष असून ‘मानापमाना’तली भामिनी झाले, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी झाले, ‘एकच प्याल्या’तली सिंधू झाले, आणि त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. पुढे त्यांचे वय झाले, अंग सुटले, तरी रसिकांनी त्यांना त्या वेषात पाहिले. याचे रहस्य केवळ शालू-पैठण्यांत असते, तर गरीब सिंधू प्रेक्षकांच्या मनात एवढी ठसली नसती. त्यांचे वस्त्र त्यांच्या स्वतःच्या अंगासाठी निवडलेले, त्यांच्या चालीला, त्यांच्या वळण्याला साथ देणारे असे. एका पुरुषाच्या अंगाला वस्त्राने एवढी साथ द्यावी, आणि आमच्या लेकीबाळींच्या अंगाशी मात्र त्याने रोज भांडावे, हा न्याय उलटा नव्हे काय?

शिंप्याच्या कामाला आपण हलके लेखतो. पण नामदेवांसारखा संत त्या घरातला होता, आणि गज आणि कात्री त्यांना परमार्थ सांगायलाही अपुरी वाटली नाहीत. समोरच्या माणसाचे माप घेऊन मग कापायचे, ही त्या धंद्याची नीती आहे. चांगल्या कादंबरीचीही तीच आहे. आधी ठरवलेल्या कथानकात माणसे कोंबली, की ती काखेत ओढली जातात. तयार कपड्यांचा उद्योग आज ना उद्या हे शिकेल. गिऱ्हाइकांनी दोष नावानिशी सांगायला आरंभ केला तर लवकर शिकेल.

तोवर भाऊबीज येतच आहे. बहिणीला ओवाळणीत तयार ड्रेसचे खोके द्यायचे आणि मग तिने ते हसून घेऊन कपाटात ठेवायचे, असे अनेक घरांत होते. त्याऐवजी भावाने अडीच मीटर चांगले सुती कापड द्यावे आणि शिलाईचे पैसे वेगळ्या पाकिटात घालावेत. पंचवीस वर्षांच्या बहिणीला हे चालेल, पंचावन्न वर्षांच्या बहिणीला अधिक आवडेल. कापड तिच्या पसंतीचे बेतले जाईल, माप तिच्या आजच्या अंगाचे असेल. आणि शिवायला टाकताना तिने शिंपिणीला एवढे आवर्जून सांगावे, की शिवणीत माया ठेव. अंग काय, उद्या बदलेल.